कोळसा आच देतो, धूर लाकूड देते : भाजण्यासाठी आणि धुरीसाठी कोळशाची योग्य निवड

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला भाजले जाणारे मक्याचे कणीस, लखनौ आणि हैदराबादच्या गल्ल्यांतील सीख कबाब, उत्तरेकडील ढाब्यांवरची तंदुरी रोटी आणि सुटीच्या दिवशी गच्चीवर मांडलेली बार्बेक्यूची शेगडी, या सर्वांच्या तळाशी लाल निखारेच असतात. निखारे दिसायला सारखे असले तरी ते ज्या कोळशापासून फुललेले असतात, त्या कोळशांच्या गुणधर्मांत मोठा फरक असतो. निवड चुकली तर पदार्थ बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो, त्याला डांबराचा किंवा रॉकेलचा वास लागतो. बंदिस्त जागेत तर ही चूक जिवावरही बेतू शकते.

शहरी घरांतही आता शेगडीवर भाजण्याची हौस वाढली आहे आणि बाजारात 'बार्बेक्यू कोळसा' या एकाच नावाखाली अनेक प्रकारचा माल विकला जातो. त्यातून निवड करताना 'भरपूर धूर देणारा कोळसा चांगला' हा समज सर्वाधिक दिशाभूल करतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. उत्तम कोळसा जवळजवळ धूर न करता जळतो. त्याचे काम आच देण्याचे असते. धुराचा स्वाद अन्य मार्गांनी येतो. ही दोन कामे वेगळी आहेत हे ध्यानात घेतले की निवडीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

नाव एक, पदार्थ अनेक

मराठीत 'कोळसा' हा शब्द किमान तीन भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो. खाणीतून निघतो तो दगडी कोळसा. लाकूड भाजून तयार होतो तो लोणारी कोळसा. कोळसा पाडणे आणि चुना भाजणे हा परंपरागत व्यवसाय करणाऱ्या लोणारी समाजावरून त्याला हे नाव पडले. भुसा, उसाचे चिपाड, शेंगांची टरफले यांसारखा शेतीतील टाकाऊ माल यंत्राने दाबून केलेल्या विटा किंवा कांड्या हा तिसरा प्रकार होय.

अन्न थेट निखाऱ्यांवर भाजायचे असेल तेव्हा दगडी कोळसा पूर्णतः वर्ज्य समजावा. त्यात गंधक असते आणि जळताना त्याचा तिखट, घशाला झोंबणारा वायू बनतो. आर्सेनिक आणि पारा यांसारखे घातक घटकही त्यात अल्प प्रमाणात आढळतात. बाष्पकात किंवा वीटभट्टीत तो चालतो, कबाबाखाली चालत नाही.

कांड्यांच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे. कारखान्यांच्या बाष्पकांसाठी बनणाऱ्या भुशाच्या कांड्यांना व्यापारात 'पांढरा कोळसा' म्हणतात. प्रत्यक्षात हा माल भाजून कोळसा केलेला नसतो, तो केवळ दाबलेला भुसा असतो. पेटला की तो दाट धूर सोडतो. दुसरीकडे जपानमध्ये उच्च तापमानावर बनणाऱ्या अत्यंत शुद्ध लाकडी कोळशालाही 'पांढरा कोळसा' असेच म्हटले जाते. नाव तेच असले तरी एक सर्वांत धुरकट इंधन आहे आणि दुसरे सर्वांत निर्धूर. त्यामुळे नावावर विसंबण्याऐवजी माल कशापासून आणि कसा बनला आहे, हे विचारणे श्रेयस्कर.

भट्टीत काय घडते

लाकडाला पुरेशी हवा न देता तापवले तर ते जळून राख होत नाही, त्याचे विघटन होते. प्रथम ओलावा निघून जातो. तापमान सुमारे २८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की विघटनाची क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागते. ४०० ते ५०० अंशांपर्यंत पोहोचेतो आम्ले, मेथॅनॉल, डांबर आणि अनेक ज्वलनशील वायू वाफेच्या रूपाने बाहेर पडतात. मागे उरतो तो मुख्यतः कार्बन. कोळसा पाडणारे अनुभवी कारागीर भट्टीच्या धुराकडे पाहूनच काम कुठवर आले ते ओळखतात. आरंभी पांढरा आणि दाट असलेला धूर निळसर व विरळ झाला की लाकूड 'पिकले' असे समजून भट्टीची तोंडे लिंपली जातात.

या प्रक्रियेत वजन झपाट्याने घटते. मातीच्या पारंपरिक भट्टीत एक किलो कोळशासाठी पाच किलो किंवा त्याहूनही अधिक लाकूड खर्ची पडते. मात्र हाती येणारे इंधन अधिक सकस असते. सुक्या लाकडाच्या एका किलोतून साधारण १६ ते १८ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर चांगल्या कोळशाच्या एका किलोतून सुमारे ३० मेगाज्यूल.

कोळशाची प्रत तीन गोष्टींवर ठरते. स्थिर कार्बन जितका अधिक तितकी आच स्वच्छ आणि टिकाऊ. उडून जाणारे वायुरूप घटक जितके अधिक तितका कोळसा लवकर पेटतो, पण धूरही अधिक करतो. राख जितकी कमी तितका निखारा मोकळा राहतो. युरोपातील मानकानुसार भाजण्यासाठीच्या लाकडी कोळशात किमान ७५ टक्के स्थिर कार्बन असावा लागतो आणि राख ८ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. दाबलेल्या गोळ्यांसाठी हीच मर्यादा अनुक्रमे ६० आणि १८ टक्के आहे. भारतीय ग्राहकालाही तुलनेसाठी हे आकडे उपयोगी पडतात.

चार मुख्य प्रकार

सर्वांत परिचित प्रकार म्हणजे ओबडधोबड तुकड्यांचा लाकडी कोळसा. भारतात यातील मोठा वाटा विलायती बाभळीचा आहे. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती तामिळनाडूतील रामनाथपुरम, शिवगंगा आणि गुजरातेतील कच्छ या भागांत अफाट पसरली आहे आणि तिच्या कोळशावर तेथे मोठा व्यवसाय चालतो. टेक्सासमधील बार्बेक्यूसाठी प्रसिद्ध असलेले 'मेस्किट' हे झाड याच प्रजातिसमूहातील आहे. या कोळशाची आच प्रखर असते, तो लवकर फुलतो आणि राख बेताचीच होते. पेटताना तो तडतडतो व ठिणग्या उडवतो, हा त्याचा दोष. तुकडे लहान-मोठे असल्याने आचही एकसारखी राहत नाही.

दुसरा प्रकार दाबलेल्या गोळ्यांचा, म्हणजे ब्रिकेटचा. कोळशाची पूड स्टार्चसारख्या चिकट पदार्थात कालवून त्या साच्यात पाडतात. १९२० च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या मोटार कारखान्यात लाकडी भागांचे तुकडे आणि भुसा मोठ्या प्रमाणावर उरत असे. मिशिगन राज्यातील कारखान्यात त्याचा कोळसा करून गोळ्या पाडण्यात आल्या आणि अमेरिकी घरांत हे इंधन रुजले. गोळ्यांचा आकार समान असल्याने त्या सावकाश आणि सारख्या जळतात. राख मात्र अधिक होते. काही उत्पादनांत दगडी कोळशाची पूड, चुनखडी किंवा चटकन पेटण्यासाठी रसायने मिसळलेली असतात, म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी वाचणे अगत्याचे आहे.

तिसरा प्रकार नारळाच्या करवंटीचा. केरळ, तामिळनाडू, कर्नाटक यांसारख्या नारळ उत्पादक राज्यांत तो बनतो. करवंटी मुळातच घट्ट असल्याने तिचा कोळसाही दाट असतो. तो सावकाश पेटतो, दीर्घकाळ टिकतो, कमी राख सोडतो आणि जवळजवळ गंधहीन असतो. त्यासाठी जिवंत झाड तोडावे लागत नाही, हा आणखी एक लाभ.

चौथा प्रकार जपानचा 'बिंचोतान'. वाकायामा प्रांतात उबामे नावाच्या ओक वृक्षाच्या फांद्यांपासून तो करतात. अखेरच्या टप्प्यात भट्टीत हवा सोडून तापमान १,००० अंशांच्या आसपास नेतात आणि धगधगता कोळसा बाहेर ओढून ओलसर राख-मातीखाली विझवतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा नाद येतो. तो पेटण्यास कठीण आणि महाग असतो, पण तासन्‌तास निर्धूर आच देतो. यातून एक बाब स्पष्ट होते. ज्या कोळशावर जपानी आचारी सर्वाधिक पैसे खर्च करतात, त्याला स्वतःचा गंध जवळजवळ नसतोच.

मग धुराचा स्वाद येतो कोठून?

लाकडातील लिग्निन हा घटक जळताना ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगे तयार होतात. धुरावलेल्या अन्नाची ओळखीची चव आणि दरवळ मुख्यतः त्यांच्यामुळे येतो. कोळसा पाडतानाच लिग्निनचे विघटन होऊन गेलेले असते. म्हणजे धुराचा स्वाद भट्टीवरच उडून गेलेला असतो.

तंदुरी कोंबडी किंवा कबाबाला येणारा खमंग वास प्रामुख्याने निखाऱ्यांवर पडणाऱ्या मसाल्याच्या, दह्याच्या आणि चरबीच्या थेंबांचा असतो. अवधी पाकशैलीतील 'धुंगार' हेच तत्त्व वापरतो. फुललेला निखारा वाटीत ठेवून त्यावर तुपाचे थेंब सोडतात आणि भांडे झाकतात. महाराष्ट्रात आमटीला किंवा भरताला कोळशाची धुरी देतात ती याच रीतीने. तेथे निखारा केवळ तापलेला तवा असतो, वास तुपाचा असतो. खानदेशात भरिताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. त्या भरिताची चव कोळशावरच्या वांग्याला येत नाही, कारण काड्यांतील लिग्निन तेथे प्रत्यक्ष जळत असते. नागालँडमधील घरांत चुलीवर टांगून धुरावलेले डुकराचे मांसही लाकडाच्याच धुरावर तयार होते.

म्हणून धुरीचा पदार्थ करायचा असेल तर आचेसाठी निर्धूर कोळसा घ्यावा आणि स्वादासाठी त्यावर सुक्या, कठीण लाकडाचे दोन-तीन तुकडे ठेवावेत. आंबा, पेरू, जांभूळ, बाभूळ यांचे लाकूड त्यासाठी चालते. चीड, देवदार यांसारखी राळयुक्त लाकडे काजळी धरतात. कण्हेर विषारी असल्याने तिची काटकीही शेगडीजवळ येऊ देऊ नये. काजूच्या टरफलांतील तेल दाहक असते, त्यामुळे कोकण-गोव्यात ती मुबलक मिळत असली तरी अन्नाखाली जाळू नयेत. रंग दिलेले लाकूड, प्लायवुड आणि जुन्या फर्निचरचे तुकडे यांचाही धूर घातक असतो.

कामाप्रमाणे निवड

कबाब, पनीर टिक्का, कोळंबी, पापलेट किंवा कणीस यांना थोडा वेळ प्रखर आच हवी असते. त्यासाठी मध्यम आकाराच्या तुकड्यांचा लाकडी कोळसा उत्तम. पूर्ण कोंबडी, मांसाचा मोठा तुकडा किंवा एकाच आचेवर अनेक घाणे भाजायचे असतील तर गोळ्या किंवा करवंटीचा कोळसा सोयीचा ठरतो, कारण मध्येच भर घालावी लागत नाही.

मंद धुरीचे गणित निराळे आहे. तेथे झाकणाखालचे तापमान सुमारे १०५ ते १३५ अंशांदरम्यान कित्येक तास राखावे लागते. सारख्या आकाराच्या गोळ्या एका ओळीत मांडून एका टोकाने पेटवल्या तर त्या एकीमागून एक पेटत जातात. खालच्या झडपेतून हवा कमी-अधिक करून आच सांभाळता येते. या कामी कोळशाच्या प्रकाराइतकेच हवेचे नियंत्रण महत्त्वाचे असते. हवा फारच कोंडली तर लाकूड धुमसते, धूर दाट व पांढरा होतो आणि पदार्थ कडवट लागतो. चांगली धुरी विरळ आणि निळसर असते.

धुंगारासाठी स्वच्छ लाकडी कोळशाचा एक लहान तुकडा पुरेसा होतो. धूप-लोबानासाठी किंवा हुक्क्यासाठी मिळणाऱ्या, काडी लावताच पेटणाऱ्या चकत्या यासाठी वापरू नयेत. त्यांत पेटण्यास मदत करणारी रसायने मिसळलेली असतात आणि त्यांचा वास थेट अन्नात उतरतो.

दुकानात पारख कशी करावी

चांगला लाकडी कोळसा हाताला हलका लागतो. दोन तुकडे एकमेकांवर वाजवले तर खणखणीत आवाज येतो. मोडलेला भाग चकचकीत काळा दिसतो आणि त्यात लाकडाच्या रेषा ओळखू येतात. तपकिरी छटा असलेला तुकडा अर्धकच्चा समजावा, तो धूर करणारच. पोत्याच्या तळाशी चुरा फार असेल तर हवा खेळत नाही आणि आच मरते. कोळसा वजनावर विकला जात असल्याने ओला माल दुहेरी तोट्याचा ठरतो. पैसे पाण्याचे जातात आणि पेटताना तो तडकतो. माती, खडे किंवा खिळे दिसले तर ते पोते जुन्या बांधकामाच्या लाकडाचे असण्याची शक्यता असते. घरी आणलेला कोळसा झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंचावर ठेवावा.

पेटवताना रॉकेल किंवा पेट्रोल ओतण्याची सवय घातक आहे. त्यातून भडका उडतो आणि वासही राहतो. दोन्ही बाजूंनी उघडी असलेली पत्र्याची नळी, खाली कागद किंवा करवंटीचे सुके तुकडे आणि वर कोळसा, एवढ्या साधनाने १५ ते २० मिनिटांत निखारे फुलतात. कडांवर राखाडी थर धरेपर्यंत पदार्थ वर ठेवू नये. तोवर उरलेसुरले वायू जळत असतात आणि कच्चा धूर अन्नाला लागतो. निखारे एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी पसरले तर एका शेगडीवर दोन आचा मिळतात. प्रखर बाजूस पदार्थाला रंग आणता येतो आणि मंद बाजूस तो आतपर्यंत शिजवता येतो.

निर्धूर म्हणजे निर्धोक नव्हे

उत्तम कोळशाचा जो गुण, तोच त्याचा सर्वांत मोठा धोका आहे. धूर दिसत नाही, नाकाला काही जाणवत नाही, तरीही निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड सतत बाहेर पडत असतो. हा वायू रंगहीन आणि गंधहीन आहे. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची आरंभीची लक्षणे होत. झोपेत ती कळतही नाहीत. उत्तर भारतात हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या वारंवार येतात, त्यामागे हेच कारण असते. गच्चीवर पावसाची सर आली म्हणून शेगडी खोलीत आणणे, पदार्थ संपल्यावर उबेसाठी ती तंबूत ठेवणे किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत भाजणे या तिन्ही गोष्टी जिवावर उदार होण्यासारख्याच आहेत. विझल्यासारखे दिसणारे निखारेही हा वायू सोडत राहतात. उरलेला कोळसा घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात कोंडून, तो डबा उघड्यावर ठेवून विझवावा. तो पुन्हा वापरता येतो.

दुसरा धोका सावकाश येणारा आहे. चरबी निखाऱ्यांवर गळून पेटली की बेन्झोपायरीनसारखी संयुगे तयार होऊन धुरासोबत अन्नावर बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झोपायरीनला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. चरबीचे मोठे तुकडे आधीच काढणे, ज्वाळा उठल्या की पदार्थ बाजूला सरकवणे आणि करपलेला भाग टाकून देणे, एवढी काळजी घेतली तरी हे प्रमाण बरेच घटते.

कोळशामागचे हात आणि शहरांची हवा

कोळशाची निवड स्वयंपाकघरापुरती मर्यादित नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार कोळसा हे वनोपज आहे आणि त्याच्या वाहतुकीवर राज्यांचे नियम लागू होतात. देशी वृक्ष तोडून पाडलेला कोळसा आणि झपाट्याने पसरणाऱ्या विलायती बाभळीचा किंवा करवंटीचा कोळसा यांचा पर्यावरणावरील भार सारखा नसतो. भट्ट्यांवर राबणारे हातही विसरता येत नाहीत. रायगड आणि ठाणे परिसरातील कातकरी कुटुंबे हंगामी उचल घेऊन कोळसा भट्ट्यांवर स्थलांतर करतात. वेठबिगारीवर १९७६ च्या कायद्याने बंदी असूनही या भट्ट्यांवरून तशा तक्रारी पुढे आल्या आहेत. माल कोठून आला, हा प्रश्न म्हणूनच दुकानदाराला विचारण्याजोगा आहे.

शहरांनीही आता बंधने आणली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले. त्यानंतर महापालिकेने कोळशाची तंदूर वापरणाऱ्या उपाहारगृहांनाही नोटिसा बजावल्या. राजधानी दिल्लीत हवेची गुणवत्ता खालावली की लागू होणाऱ्या टप्पेनिहाय कृती आराखड्यात हॉटेलांतील तंदुरांसाठी कोळसा व सरपण वापरण्यास मनाई असते. गॅसच्या तंदुरीवर तीच चव येईल का, हा वाद खवय्यांमध्ये रंगतो. त्याचे बरेचसे उत्तर धुराच्या रसायनातच आहे. भिंतींची धग आणि तापल्या पृष्ठभागावर पडणारे मसाल्याचे थेंब कायम राहिले, तर चवीचा मोठा भाग टिकतो. लाकडाचा धूर मात्र लाकडाशिवाय मिळत नाही.

घरच्या शेगडीसाठी याचा मथितार्थ सोपा आहे. काय भाजायचे आणि किती वेळ, हे आधी ठरवावे. त्यानुसार तुकडे, गोळ्या किंवा करवंटी निवडावी. धुराचा स्वाद हवा असेल तर लाकडाचा तुकडा वेगळा ठेवावा आणि शेगडी नेहमी मोकळ्या हवेतच पेटवावी.